एका नोकरीचा भाव

जानेवारी २००९. बराक ओबामा निवडून आले होते, शपथविधी व्हायचा होता. लेहमन ब्रदर्स बुडून चार महिने होत आले होते आणि अमेरिकेत महिन्याला सात लाखांहून अधिक लोकांच्या नोकऱ्या जात होत्या. अशा वेळी क्रिस्टिना रोमर आणि जेरेड बर्नस्टीन या ओबामांच्या दोन अर्थतज्ज्ञांनी एक टिपण प्रसिद्ध केलं. त्यातल्या एका आलेखात दोन रेघा होत्या. सरकार स्वस्थ बसलं तर बेकारी ९ टक्क्यांच्या आसपास जाईल, असं वरची रेघ सांगत होती. सरकारने मोठा खर्च केला तर ती ८ टक्क्यांच्या आत थोपवता येईल, असं खालची.

महिन्याभरात कायदा झाला. १७ फेब्रुवारीला डेन्व्हर शहरात ओबामांनी त्यावर सही केली. रक्कम होती ७८७ अब्ज डॉलर, म्हणजे तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत माणशी अडीच हजार डॉलरहून थोडी जास्त. प्रतिनिधिगृहातल्या एकाही रिपब्लिकन सदस्याने कायद्याच्या बाजूने मत दिलं नव्हतं. सिनेटमधल्या जेमतेम तिघांनी दिलं. ऑक्टोबरमध्ये बेकारी १० टक्क्यांवर पोचली. विरोधकांना दुसरा पुरावा शोधायची गरजच उरली नाही. त्यांनी तोच आलेख घेतला आणि त्यावर प्रत्यक्ष बेकारीची तिसरी रेघ काढली. ती दोन्ही रेघांच्या वर होती. पॅकेज न देता जे होणार होतं, त्याहून वाईट पॅकेज देऊन झालं. मग करदात्याचे पैसे गेले कुठे?

प्रश्न रास्त होता. पण तो आलेख त्याचं उत्तर देऊ शकत नव्हता, कारण त्यातली वरची रेघच चुकली होती. ती आखली गेली तेव्हा घसरण किती खोल आहे, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. २००८ च्या शेवटच्या तिमाहीत अमेरिकेचं उत्पादन वार्षिक ३.८ टक्के दराने आकसलं, असा पहिला सरकारी अंदाज होता. नंतर आकडे सुधारत गेले आणि हा दर ८ टक्क्यांच्या वर निघाला. पॅकेजवर सही झाली त्याच महिन्यात बेकारी ८ टक्के ओलांडून गेली होती, आणि तोवर पॅकेजमधला पैसा बाहेर पडायलाही सुरुवात झाली नव्हती.

मंदीतल्या सरकारी खर्चाचा हिशोब इथेच अडतो. खर्च केल्यावर काय झालं, ते दिसतं. न केला असता तर काय झालं असतं, ते कुणीच पाहिलेलं नसतं. मोबदला मात्र या दोहोंच्या फरकातच असतो.

भागाकाराचा मोह

पॅकेजमुळे पस्तीस लाख नोकऱ्या निर्माण होतील किंवा वाचतील, असं सरकारचं आश्वासन होतं. ७८७ अब्जाला पस्तीस लाखांनी भागलं की उत्तर येतं सव्वादोन लाख डॉलर. एका नोकरीला सव्वादोन लाख! त्या वेळी अमेरिकेतलं मधलं कुटुंब वर्षाला साधारण पन्नास हजार डॉलर कमवत होतं. त्यापेक्षा प्रत्येक बेकाराला घरी बसवून लाख डॉलर दिले असते तर निम्म्या पैशात काम झालं असतं, असा टोमणा ठरलेलाच होता.

भागाकार बरोबर आहे, पण भाजक आणि भाज्य दोन्ही गोंधळाचे आहेत. ७८७ अब्जांपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश ही करसवलत होती. तो पैसा लोकांच्याच खिशात राहिला. त्यातला काही खर्च झाला, काही कर्ज फेडण्यात गेला. जो रस्ता झाला, तो नोकरी संपल्यावरही तिथेच राहणार होता. ज्याला काम मिळालं त्याने कर भरला आणि त्याचा बेकारी भत्ता वाचला. तो पैसा सरकारी तिजोरीत परत आला. शिवाय एका माणसाला तीन वर्षं काम मिळालं तर ती एक नोकरी मोजायची की तीन? अर्थतज्ज्ञ म्हणूनच ‘नोकरी-वर्ष’ मोजतात: एका माणसाला एक वर्ष काम.

नोकऱ्या मोजण्याच्या बाबतीत सरकारचीही फजितीच झाली. पारदर्शकतेसाठी खास वेबसाइट काढली, पैसे घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने किती नोकऱ्या झाल्या ते त्यावर भरायचं. ऑक्टोबर २००९ मध्ये आकडा जाहीर झाला: ६,४०,३२९. शेवटच्या अंकापर्यंत काटेकोर! पुढच्याच महिन्यात पत्रकारांनी दाखवून दिलं की यातल्या काही नोकऱ्या अस्तित्वातच नसलेल्या मतदारसंघांत निर्माण झाल्या आहेत. अ‍ॅरिझोना राज्यात तेव्हा आठ मतदारसंघ होते. यादीत पंधरावा होता.

अमेरिकी संसदेचं अर्थसंकल्प कार्यालय पक्षनिरपेक्ष मानलं जातं. त्याने आपला अंदाज सांगताना असा काटेकोरपणा मिरवला नाही. २०१० या वर्षात पॅकेजमुळे कामावर असलेले जादा लोक किमान सात लाख, कमाल तेहतीस लाख, असं त्याचं म्हणणं. म्हणजे दोन टोकांत जवळपास पाचपट अंतर. हे ऐकून करदाता वैतागेल, पण प्रामाणिक उत्तर एवढंच होतं.

त्याहून बोलका आहे तो अर्थतज्ज्ञांचा कौल. शिकागो विद्यापीठातलं एक केंद्र देशातल्या नामवंत अर्थतज्ज्ञांना वेळोवेळी प्रश्न विचारतं. फेब्रुवारी २०१२ मध्ये या पॅकेजवर दोन प्रश्न विचारले. पॅकेजमुळे २०१० च्या अखेरीस बेकारी एरवीपेक्षा कमी होती का? ८० टक्के तज्ज्ञ हो म्हणाले. पुढे भरावे लागणारे कर आणि इतर सगळे परिणाम धरता, फायदा खर्चापेक्षा जास्त ठरेल का? इथे हो म्हणणारे ४६ टक्क्यांवर आले. १२ टक्के नाही म्हणाले आणि चौथाईहून अधिक लोकांनी हात वर केले. औषध लागू पडलं याबद्दल फारसा वाद नव्हता. पैसे वसूल झाले का, यावर होता.

एका डॉलरचे किती?

हा वाद कशावरून आहे ते समजण्यासाठी केंब्रिजमध्ये, १९३१ सालात जावं लागतं. रिचर्ड कान या तरुण अर्थतज्ज्ञाने तेव्हा एक साधा विचार गणितात मांडला आणि त्याचे गुरू जॉन मेनार्ड केन्स यांनी पुढे तो जगभर नेला. सरकारने बेकार गवंड्याला शंभर रुपये मजुरी दिली. त्यातले ऐंशी त्याने वाण्याकडे खर्च केले. वाण्याच्या मिळकतीत ऐंशीची भर पडली, त्यातले त्याने चौसष्ट आणखी कुणाला दिले. अशी साखळी जिरेपर्यंत शंभराचे शंभराहून जास्त होतात. किती होतात, तो आकडा म्हणजे गुणक.

साखळी कशी चालेल, हे पैसा पहिल्यांदा कुणाच्या हाती पडतो यावर ठरतं. महिनाअखेर ओढाताण असणारा माणूस हाती आलेला पैसा लगेच खर्च करतो; ज्याचं भागून उरतं, तो बँकेत ठेवतो. मोकळे हात किती आहेत, यावरही ठरतं. गवंडी खरोखर घरी बसला असेल तर सरकारी काम ही नवी भर. तो आधीच एका इमारतीवर असेल आणि सरकारने जास्त मजुरी देऊन ओढून आणला, तर इथे एक भिंत उभी राहिली आणि तिथली अडली. वर मजुरी वाढली ती वेगळीच.

२००९ मध्ये हात मोकळे होते. व्याजदर डिसेंबर २००८ पासून शून्याला टेकले होते, त्यामुळे सरकार कर्ज घेऊन खाजगी उद्योगांचं कर्ज महाग करतंय, असंही म्हणता येत नव्हतं. अर्थसंकल्प कार्यालयाने पॅकेजमधल्या वेगवेगळ्या खर्चांचे जे गुणक धरले, ते बघण्यासारखे आहेत. केंद्र सरकारच्या थेट खरेदीचा अंदाज एका डॉलरमागे अर्ध्यापासून अडीच डॉलरपर्यंत. श्रीमंतांच्या एकवेळच्या करसवलतीचा एक दशांशापासून जेमतेम सहा दशांशापर्यंत. एकाच पॅकेजमधल्या दोन डॉलरांच्या कर्तबगारीत एवढी तफावत असेल, तर ‘पॅकेज’ नावाच्या एकाच वस्तूचा भाव काढणं व्यर्थ आहे. आत काय भरलंय, ते उघडून बघावं लागतं.

बंद पाडलेली इंजिनं

सगळ्यात जास्त टाळ्या मिळवलेल्या योजनेपासून सुरुवात करू. २००९ च्या उन्हाळ्यात, मुख्य पॅकेजच्या जोडीला, जुनी गाडी द्या आणि नवी घ्या, अशी योजना आली. जास्त पेट्रोल पिणारी जुनी गाडी विक्रेत्याकडे जमा करायची, कमी पिणारी नवी घ्यायची, सरकार साडेतीन किंवा साडेचार हजार डॉलर भरणार. डेट्रॉइटचे कारखाने मरणपंथाला लागले होते. जनरल मोटर्स आणि क्रायस्लर दिवाळखोरीच्या कोर्टात जाऊन आल्या होत्या. लोकांनी शोरूमपुढे रांगा लावल्या. पहिला एक अब्ज डॉलरचा निधी आठवडाभरात संपला. संसदेने आणखी दोन अब्ज दिले. ऑगस्टअखेर योजना थांबली तेव्हा पावणेसात लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या होत्या.

जमा झालेली गाडी पुन्हा रस्त्यावर येऊ नये म्हणून नियम कडक होता. विक्रेत्याने इंजिनातलं ऑइल काढून टाकायचं. त्या जागी सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतायचं, साधारण दोन लिटर. मग इंजिन चालू करून मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर फिरत ठेवायचं. उष्णतेने द्रावणातलं पाणी उडून जातं, मागे काचेसारखा थर धरतो आणि काही मिनिटांत इंजिन कायमचं जाम होतं. त्यातल्या कित्येक गाड्या चालत्या होत्या. ज्याला नवी गाडी परवडत नाही, त्याने एरवी त्या सेकंडहँड घेतल्या असत्या.

अतिफ मियां आणि आमिर सूफी या दोन अर्थतज्ज्ञांनी याचा हिशोब काढला. ज्या शहरांत योजनेला पात्र असलेल्या जुन्या गाड्या जास्त होत्या आणि ज्या शहरांत कमी, त्यांची विक्री त्यांनी शेजारी ठेवली. उरलेल्या बाबतीत सारखी असलेली शहरं तुलनेला घेतली की, न घडलेल्या गोष्टीचा थोडाफार अंदाज येतो. त्यांना आढळलं की योजनेमुळे दोन महिन्यांत सुमारे ३ लाख ७० हजार जादा गाड्या खपल्या. उरलेल्या तीन लाख तशाही खपणारच होत्या. आणि त्या जादा विक्रीचं काय झालं? मार्च २०१० पर्यंत ती जवळजवळ पूर्ण वजा झाली. ज्यांना पुढच्या सात-आठ महिन्यांत गाडी घ्यायची होती, त्यांनी ती आधी घेतली, एवढंच.

टेक्सासमधल्या खरेदीदारांचा अभ्यास करणाऱ्या दुसऱ्या एका गटाचा निष्कर्ष याहून कडू होता. अनुदान हवं तर कमी इंधन खाणारी गाडी घेणं भाग होतं. अशा गाड्या लहान आणि स्वस्त असतात. लोक मोठ्या गाडीचा बेत सोडून छोट्या गाडीवर आले. परिणामी गाड्यांवरचा एकूण खर्च वाढायच्या ऐवजी घटला. उद्योगाला पैसा मिळवून देण्यासाठी काढलेल्या योजनेने उद्योगाचीच मिळकत कमी केली. मंदी हटवायची आणि पर्यावरणही राखायचं, अशी दोन उद्दिष्टं एका अनुदानाच्या पाठीवर लादली की असं होतं.

फोटो न निघणारा खर्च

आता दुसरी बाजू. मंत्र्याने नारळ फोडावा, फीत कापावी, असं ज्यात काहीच नव्हतं, तो खर्च.

अमेरिकेत गरिबांच्या आरोग्यविम्याची ‘मेडिकेड’ योजना केंद्र आणि राज्यं मिळून चालवतात. मंदीत लोकांच्या नोकऱ्या जातात, म्हणून योजनेत नावं वाढतात. त्याच वेळी राज्यांचं करउत्पन्न घटतं. आणि पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यांवर अर्थसंकल्प तुटीत न ठेवण्याचं बंधन आहे. मग राज्यं काय करतात? शिक्षक कमी करतात, पोलीसभरती थांबवतात, फी आणि कर वाढवतात. केंद्र एका हाताने जे ओतत असतं, ते राज्यं दुसऱ्या हाताने उपसत असतात. २००९ च्या कायद्याने मेडिकेडमधला केंद्राचा वाटा तात्पुरता वाढवला. नवी योजना नाही, अर्ज नाहीत, टेंडर नाही; रोजच्याच वाटेने राज्यांना जादा पैसा पोचला.

स्टॅनफर्डचे जॉन टेलर यांना हे पटलं नाही. राज्यांनी हा पैसा खर्च न करता आपली उधारी कमी करण्यासाठी वापरला, म्हणून अर्थव्यवस्थेला त्यातून काही मिळालं नाही, असं त्यांचं म्हणणं. आक्षेप वजनदार होता. त्याची परीक्षा करण्यासाठी गेब्रियल चोडोरोव-राइख आणि सहकाऱ्यांनी एक युक्ती शोधली. कोणत्या राज्याला किती जादा पैसा मिळाला, हे बऱ्याच अंशी त्या राज्याचं मेडिकेड मंदीपूर्वी किती मोठं होतं, यावर अवलंबून होतं. मंदीचा फटका किती बसला, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. त्यामुळे जास्त मिळालेली आणि कमी मिळालेली राज्यं तुलनेला चालण्यासारखी होती. निष्कर्ष: एक लाख डॉलरमागे ३.८ नोकरी-वर्षं, आणि त्यातली बहुतेक सरकार, आरोग्य आणि शिक्षण या क्षेत्रांच्या बाहेरची. म्हणजे एका नोकरी-वर्षाला साधारण २६ हजार डॉलर. सव्वादोन लाखांचा भागाकार आणि हा हिशोब एकाच पॅकेजमधले आहेत.

तिसरा नमुना पगारातला. प्रत्येक कमावत्याला ४०० डॉलर, जोडप्याला ८०० डॉलर करसवलत होती. एकरकमी चेक दिला की लोक तो बँकेत टाकतात. पगारातून कापला जाणारा कर थोडा कमी केला की नकळत खर्च होतो, असा सल्लागारांचा कयास. म्हणून दर आठवड्याच्या पगारात आठ-दहा डॉलर वाढले. इतके बेमालूम, की फेब्रुवारी २०१० मधल्या एका जनमत चाचणीत ओबामांनी कर कमी केले असं मानणारे जेमतेम १२ टक्के निघाले. आणि कयासही उलटाच ठरला: नंतरच्या सर्वेक्षणात या पैशाचा मोठा भाग खर्च केला असं सांगणारे १३ टक्केच होते, २००८ मध्ये चेक आला तेव्हा हेच प्रमाण चौथाईच्या आसपास होतं.

राहिले रस्ते आणि पूल. कुदळ मारायचीच बाकी आहे अशी कामं तयार आहेत, असं सांगितलं गेलं होतं. जमिनीची कागदपत्रं, पर्यावरणाची परवानगी, निविदा या चक्रातून ती बाहेर पडेपर्यंत वर्ष उलटलं. पुढे ओबामांनी स्वतःच कबूल केलं की अशी तयार कामं फारशी नव्हतीच. वेगवान रेल्वेसाठी ८ अब्ज डॉलर ठेवले होते; विस्कॉन्सिन, ओहायो आणि फ्लोरिडाच्या नव्या गव्हर्नरांनी आपल्या वाट्याचे पैसे परत केले. सोलिंड्रा या सौरऊर्जा कंपनीला ५३.५ कोटी डॉलरच्या कर्जाची हमी मिळाली होती; २०११ मध्ये ती दिवाळखोर झाली आणि वर्षभर टीव्हीवर तेवढंच चाललं. त्याच कायद्याने रुग्णालयांना कागदी नोंदी संगणकावर आणण्यासाठी पैसे दिले. २००८ मध्ये दहांपैकी एकाही रुग्णालयात धड संगणकीय नोंद नव्हती, २०१५ पर्यंत ती दहांपैकी आठांत आली. मंदी हटायला याचा फारसा उपयोग झाला नाही, कारण बराच पैसा मंदी ओसरल्यावर खर्च झाला. मागे उरलेली वस्तू मात्र टिकाऊ ठरली. पटकन खर्च होणारा पैसा आणि पुढे टिकणारी वस्तू, यांचं क्वचितच जमतं.

घाई महाग पडते

अकरा वर्षांनी अमेरिकेने पुन्हा पेटी उघडली, या वेळी कोविडसाठी. छोट्या उद्योगांनी कामगार काढू नयेत म्हणून त्यांना कर्ज द्यायचं आणि अटी पाळल्या की ते माफ करायचं, अशी सुमारे ८०० अब्ज डॉलरची योजना झाली. २००९ च्या अख्ख्या पॅकेजएवढी ही एकटी योजना. पैसा विलक्षण वेगाने गेला. डेव्हिड ऑटर आणि सहकाऱ्यांनी नंतर हिशोब केला: एरवी ज्यांची नोकरी गेली असती, अशा कामगारांपर्यंत यातला फक्त २३ ते ३४ टक्के पैसा पोचला. बाकीचा मालक, भागधारक आणि पुरवठादारांकडे गेला. वाचलेल्या एका नोकरी-वर्षाची किंमत १ लाख ७० हजार ते २ लाख ५७ हजार डॉलर. इथे मात्र सव्वादोन लाखांचा तो टोमणा खरा ठरला.

असं का झालं? अमेरिकन अधिकारी नालायक होते म्हणून नव्हे. कोणत्या दुकानाला खरंच झळ लागली आहे, हे आठवड्यात ओळखण्याची यंत्रणाच त्यांच्याकडे नव्हती, म्हणून सगळ्यांना देणं भाग पडलं. जर्मनीत ती होती. तिथे काम कमी झालं की कामगाराचे तास कमी करायचे आणि बुडालेल्या मजुरीचा मोठा भाग सरकारने भरायचा, ही पद्धत जुनी आहे. अर्ज, नियम, कार्यालयं आधीपासून ठरलेली. एप्रिल २०२० मध्ये सुमारे साठ लाख जर्मन कामगार तिच्या आधारावर नोकरीत टिकून होते.

मार्च २०२१ मध्ये अमेरिकेने आणखी १,९०० अब्ज डॉलर मंजूर केले. २००९ मध्ये ओबामांचे सल्लागार असलेले लॅरी समर्स यांनी तेव्हाच इशारा दिला होता की अर्थव्यवस्था सावरू लागली आहे, एवढा पैसा मावणार नाही. जून २०२२ मध्ये महागाई ९.१ टक्क्यांवर गेली. त्यात पुरवठ्याच्या अडचणींचा आणि युक्रेनच्या युद्धाचा वाटा मोठा होता, पॅकेजचा किती यावर मतभेद आहेत. होता, हे बहुतेक जण मानतात. मोकळे हात संपल्यावर केलेल्या खर्चाची वसुली करदात्याकडून कराच्या पावतीवर होत नाही, ती वाण्याच्या बिलात होते.

दोनशे रुपयांची नोंद

अशी आधीच ठरलेली वाट आपल्याकडेही आखली गेली होती. महाराष्ट्रातल्या पगारदाराने आपली पगारपत्रिका काढून बघावी. त्यात व्यवसाय कराची एक ओळ असते: अकरा महिने दोनशे रुपये, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. राज्यघटनेने या कराला तेवढीच मर्यादा घातली आहे. हा कर १९७५ साली सुरू झाला तो रोजगार हमी योजनेसाठी (रोहयो). करातून जेवढा निधी जमेल तेवढीच भर राज्य सरकारने घालायची, असं ठरलं.

योजनेमागे १९७२ चा दुष्काळ होता. त्या दुष्काळाच्या ऐन भरात पन्नास लाखांच्या आसपास माणसं सरकारी कामांवर होती: खडी फोडणं, नालाबांध, पाझर तलाव, रस्ते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी त्याआधीपासून एक कल्पना लावून धरली होती. काम कधी काढायचं, हे सरकारने ठरवू नये. ज्याला काम हवं त्याने मागावं आणि सरकारने द्यावं. १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. २००५ मध्ये संसदेने केलेल्या देशव्यापी कायद्याची मुळं इथे आहेत.

करदात्याच्या नजरेने पाहिलं तर या रचनेत एक खुबी आहे. मजुरी कमी, काम अंगमोडीचं. म्हणून ज्याचं दुसरीकडे भागतं तो फिरकत नाही. गरजू कोण, हे शोधायला अधिकारी लागत नाही. पाऊस गेला की मागणी वाढते आणि खर्च वाढतो. पेरण्या सुरू झाल्या की माणसं शेतावर परततात आणि खर्च आपोआप उतरतो. गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हॅलियन यांनी शिरापूर आणि कान्झरा या महाराष्ट्रातल्या दोन गावांत पाहिलं की, रोहयोवर आल्यामुळे मजुराचं दुसरीकडचं जे उत्पन्न बुडालं, ते मिळालेल्या मजुरीच्या सुमारे चौथाई होतं. म्हणजे शंभरातले पंचाहत्तर ही खरी भर. अमेरिकेतल्या कोविडकाळच्या कर्जमाफी योजनेत नेमकी ही भर चौथाई-तिहाईवर अडकली होती.

रोहयोचेही दोष जगजाहीर आहेत. खोटी मस्टरं भरली गेली, मजुरी महिनोन्‌महिने रखडली, कित्येक पाझर तलाव देखभालीअभावी गाळाने भरले. १९८८ मध्ये मजुरीचे दर जवळपास दुप्पट केले तेव्हा हजेरी वाढायच्या ऐवजी घटली, कारण तेवढा पैसा न सोसल्याने कामंच कमी काढली गेली आणि ‘मागेल त्याला काम’ ही हमी ढिली पडली. दुसरीकडे, १९९० नंतर याच योजनेतून लावलेल्या फळबागांनी कोकणातल्या आंबा-काजूचं आणि कोरडवाहू भागातल्या डाळिंब-बोरांचं क्षेत्र वाढवलं.

फायद्याचा एक भाग तर योजनेच्या वहीत लिहिलाच जात नाही. आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी रोजगार हमीची मजुरी स्मार्टकार्डाने वेळेवर पोचवण्याच्या सुधारणेची परीक्षा केली. जिथे सुधारणा आधी झाली, तिथल्या गरीब कुटुंबांचं उत्पन्न १४ टक्क्यांनी वाढलं. आणि त्या वाढीतला ८६ टक्के भाग योजनेबाहेरच्या कमाईतून आला. सरकारी कामाचा खरा आधार मिळाल्यावर शेतमालकाला, ठेकेदारालाही मजुरी वाढवावी लागली.

काय विचारायचं?

मंदीतला सरकारी खर्च करदात्याला परवडतो का, याचं सरसकट उत्तर देणारा बहुतेक वेळा आपल्या पक्षाचं उत्तर देत असतो. २००९ च्या एकाच वर्षात २६ हजारांत एक नोकरी-वर्ष देणारा खर्चही झाला आणि सात महिन्यांत ज्याचा परिणाम पुसला गेला, असाही झाला. पॅकेज किती लाख कोटींचं, उत्पन्नाच्या किती टक्के, हे दूरदर्शनवर आधी सांगितलं जातं आणि त्यावरून सगळ्यात कमी कळतं.

विचारावं ते असं: पैसा पहिल्यांदा कुणाच्या हाती पडणार आहे, आणि त्या माणसाचं या पैशावाचून अडलं आहे का? जे काम होईल ते एरवी झालंच नसतं, की फक्त चार महिने आधी होईल? खर्चानंतर मागे काय उरेल? आणि गरज संपल्यावर तो थांबवायला पुन्हा मंत्रिमंडळाची बैठक लागेल, की तो आपोआप आटेल?

या चारही प्रश्नांची चांगली उत्तरं मंदी आल्यावर महिन्याभरात तयार करता येत नाहीत. कुदळ मारण्याजोग्या कामांची खरी यादी, गरजूपर्यंत पोचणारी वाट, निधीचा ठरलेला स्रोत, हे सगळं सुबत्तेच्या वर्षांत बांधावं लागतं, जेव्हा त्याला ना बातमीमूल्य असतं ना मतं. जर्मनीने कमी तासांची योजना आधीपासून चालू ठेवली, महाराष्ट्राने व्यवसाय कर बसवून पुढच्या दुष्काळाची सोय आधीच केली. करदात्याला स्वस्तात पडलेले खर्च बहुधा असे आधी ठरलेले असतात. म्हणून सरकारने संकटात किती ओतलं, यावरून त्याला जोखण्याआधी संकट नसताना त्याने काय तयार ठेवलं होतं, हे तपासावं.